बाई, तुम्ही कुठून?

"बाणाई धुळा मासाळ."

"हजर, बाई."

"कुठून?"

"उसाच्या फडाजवळनं. हितं रेंज हाय."

"काय दिसतंय?"

"कुत्रं."

"काय करतंय?"

"माझ्याकडंच बघतंय, बाई."

बाईंनी हजेरीच्या वहीत बाणाईच्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलं, उसाचा फड. फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. अंगावर इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ आणि पायांत चपला. घरात चपला घालून बसणाऱ्या आमच्या करंजमाळात त्या एकट्याच असतील. तो जोड वेगळा होता, धुतलेला, फक्त वर्गापुरता. "पोरांना तुमचे पाय दिसत नाहीत," असं मी एकदा म्हणाले होते. "मला दिसतात," त्या म्हणाल्या होत्या.

बाई म्हणजे माझी आई. पहिलीत मी त्यांच्याच वर्गात बसले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, इथं मी बाई, सगळ्यांची तशी तुझी. शाळेत म्हणता म्हणता मी घरीही बाईच म्हणू लागले. सुरुवातीला रागानं, मग सवयीनं. त्यांनी ते कधी दुरुस्त केलं नाही.

याला आता चार वर्षं होतील. जानेवारीतला सोमवार होता.

करंजमाळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली जवळजवळ सगळी मुलं मेंढपाळांची. दिवाळी झाली की घरंच्या घरं मेंढरांमागे नदीच्या बाजूला निघायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. तेवढे महिने शाळेत चिमण्या असायच्या. मग टाळेबंदीत सगळ्या राज्यानं फोनवर शाळा भरवली. ती उठल्यावर बाकीच्यांनी सुटकेचा श्वास घेऊन फोन ठेवले, बाईंनी ठेवला नाही. अर्जामागून अर्ज करून त्यांनी परवानगी काढली. चालती मुलं वर्षभर ऑनलाइन शिकतील, चार यत्ता, एक पट, शिक्षक दोन: बाई आणि कुंभार सर. अट एकच होती. पट विसाच्या खाली गेला तर शाळा बंद, आणि नावं सात किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत. तिथं ती कागदावर बसली असती आणि पायांनी मेंढरांमागे चालत राहिली असती.

बुधवारी अकरा वाजता तालुक्याच्या विस्तार अधिकारी पिंगळे मॅडम वर्गात, म्हणजे पडद्यावर, येऊन एकेक मूल मोजणार होत्या. त्याआधी पोर्टलवर सगळी माहिती भरायची होती. मी पुण्यात एका संस्थेत लोकसंख्येच्या आकडेवारीचं काम करते. दर रविवारी फोनवरून बाईंचे तक्ते मीच भरत असे. आमचं बोलणं बहुतेक त्यातूनच व्हायचं. या वेळी त्या म्हणाल्या होत्या, "दोन दिवस येऊन जा. फॉर्म मोठा आहे." मी रजा काढून आले होते.

"सखुबाई बिरू गडदे," बाईंनी शेवटचं नाव घेतलं.

फोनमधून वारा ऐकू आला. कुणाच्या तरी कळपातली घंटा वाजली.

"सकू?"

"ती न्हाय आली, बाई," समर्थ नावाचा एक मुलगा म्हणाला. त्याचं नाक पडद्याला जवळजवळ चिकटलेलं होतं.

"बरं." बाईंनी तो रकाना रिकामा ठेवला. त्याच्या डावीकडचे दहा रकानेही रिकामे होते.

मग रोजच्यासारखी एकोणीस मुलं एका सुरात ओरडली, "बाई, तुम्ही कुठून?"

"घरातून. पिठाच्या डब्यासमोरून."

"काय दिसतंय?"

बाईंनी चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं. "समर्थचं नाक."

मुलं हसली. मग पाढे सुरू झाले.

दुपारी आम्ही फॉर्म भरायला बसलो.

"मुली अकरा, मुलगे नऊ," मी म्हणाले. "भटक्या जमाती सतरा, इतर मागास दोन, अनुसूचित जाती एक. पालकांचा व्यवसाय काय टाकू? यादीत मेंढपाळ नाही."

"काय आहे?"

"शेतकरी, शेतमजूर, नोकरी, व्यापार, इतर."

"वीसच्या वीस इतर म्हणजे काय? मग ते इतर कसले?"

"बाई, यादी मी केलेली नाही."

"टाक इतर. पण मी वहीत खरं लिहून ठेवते."

"आणि हे बघा. विसापैकी नऊ जणांचा वाढदिवस एक जून. आमच्याकडे आकडेवारीत याला चूक म्हणतात."

"आमच्याकडे शाळेत याला प्रवेश म्हणतात," बाई म्हणाल्या आणि शेंगा सोलत राहिल्या.

माझाही कागदावरचा वाढदिवस एक जूनच आहे. खरा अकरा सप्टेंबर. बाईंनी एका सहीत मला सव्वातीन महिन्यांनी मोठं केलं आणि एक वर्ष आधी पहिलीत बसवलं.

पत्त्याच्या रकान्यात सगळ्यांचं करंजमाळच टाकलं. बाईंना त्यात वहीतली रोजची ठिकाणं हवी होती. उसाचा फड, कालव्याचा पूल, मारुतीच्या मागचं रान. मी म्हणाले, असा रकानाच नाही, असल्या माहितीचं कुणी काही करत नाही.

शेवटी सकूची ओळ आली.

"ही अकरा दिवस नाही," मी म्हणाले. "हिला दीर्घ अनुपस्थित दाखवायला हवं."

"नको."

"बुधवारी मॅडम मोजतील तेव्हा काय दाखवणार?"

"येईल ती."

"तिच्या वडिलांचा फोन लागत नाही. कुंभार सर रोज लावतात. ती कुठं आहे हे तुम्हाला तरी माहीत आहे का?"

"वीस भर, वैजू."

माझं बोट त्या ओळीवर होतं. मी म्हणाले, "तुम्हाला ती नको आहे, बाई. तुम्हाला विसावी हवी आहे. तशीच तेव्हा मी होते."

मी सहा वर्षांचीही नव्हते तेव्हाची ती गोष्ट. वडील जाऊन अडीच वर्षं झाली होती. यशवंतमामा, बाईंचे धाकटे भाऊ, सांगलीहून आले होते. तिथल्या चांगल्या शाळेत त्यांनी माझ्यासाठी जागा बघितली होती, मी त्यांच्याकडेच राहणार होते. मला अंगणात पाठवून दोघं आत बोलत बसली. मी खिडकीखाली उभी होते. बाईंचं एकच वाक्य मला स्वच्छ ऐकू आलं. ती गेली तर पटावर एकोणीस राहतील.

मामा एकटेच परत गेले. ते वाक्य मात्र मी पुढे जाईन तिथं घेऊन गेले. वसतिगृहात, पुण्यात, प्रत्येक भांडणात. माझ्या मामेबहिणी घडाघडा इंग्रजी बोलायच्या तेव्हा, आणि पहिल्या मुलाखतीत माझी जीभ अडखळली तेव्हाही. एका आकड्यासाठी मला ठेवून घेतलं होतं. हे मी बाईंना तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. त्या सोमवारी म्हटलं.

बाईंच्या हातातली शेंग फुटायची राहिली.

"खिडकीत होतीस होय," त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी शेंग फोडली, दाणे ताटात टाकले, टरफल बाजूला ठेवलं. "हो. तू विसावी होतीस," असं म्हणून त्या ताट घेऊन उठल्या.

मंगळवारी वर्ग संपल्यावर त्यांनी चपला बदलल्या, वही पिशवीत टाकली आणि दारात उभ्या राहिल्या.

"सकूकडे जाऊन येते."

"कुठं?"

"शेवटच्या हजेरीला ती पुलाजवळच्या केळीच्या बागेत होती. त्यांचे तळ दोन दोन दिवसांनी हलतात. कालव्याच्या कडेनं वर वर सरकतात. बाणाईची माणसं मागून येतायत, ती काल उसाच्या फडाशी होती. म्हणजे बिरू गडदे आज कारखान्याच्या पुढं असणार." एखादं गणित फळ्यावर सोडवावं तसं त्यांनी सांगितलं. "साठेक किलोमीटर. दुपारची गाडी आहे."

"मी येऊ?"

आवाजात फार आग्रह नव्हता. तो त्यांनाही ऐकू आला असेल.

"तू फॉर्म बघ," त्या म्हणाल्या.

चारच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सापडली," बाई म्हणाल्या. आवाज धावल्यासारखा होता. "बिरूचा फोन पाण्यात पडला होता. पोरगी रोज अकरा वाजता तो बंद फोन हातात घेऊन बसायची म्हणे."

"हा नंबर कुणाचा?"

"इथं एका शेतकऱ्याचा. सांगते आल्यावर. फॉर्म भरलास?"

"सकूची ओळ राहिलीय."

"भर. वीस."

"भरते."

"जेवलीस का?"

"हो," मी म्हणाले. मी जेवले नव्हते.

एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

सव्वासहाला कारखान्याच्या गावच्या स्टँडवरून वाहतूक नियंत्रकांचा फोन आला. बाकावर बसल्या बसल्या बाईंची मान कलली होती. दवाखाना समोरच होता, पण काही उपयोग झाला नाही. माझा नंबर वहीच्या पहिल्या पानावर होता. सांगलीहून मामा परस्पर तिकडे गेले आणि बाईंना घेऊन आले. पिशवीत पाण्याची बाटली, चष्मा, वही आणि परतीच्या प्रवासासाठी घेतलेली दोन केळी होती. फोन नव्हता. मी त्यावर पुन्हा पुन्हा फोन लावला, तो बंद होता. गर्दीत कुणीतरी उचलला असणार, असं मामा म्हणाले.

सकाळी आठला सगळं आटोपलं. अग्नी कुणी द्यायचा यावर फार बोलणं झालं नाही. मीच दिला.

घरी आलो तेव्हा शेजारच्या आक्कांनी डब्यातलं मूठभर पीठ जमिनीवर पसरून त्यावर दिवा लावला होता. वर्गाच्या चपला कुणीतरी दाराबाहेर नेऊन ठेवल्या होत्या. मी त्या उचलून आत आणल्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

साडेदहाला कुंभार सर आले. पिंगळे मॅडमचा फोन येऊन गेला होता. त्यांनी फार वाईट वाटल्याचं सांगितलं होतं. मोजणी टाळता आली असती तर टाळली असती, पण पोर्टल आज सहाला बंद होत होतं.

"ताई, मी माझ्या घरून घेतो वर्ग," सर म्हणाले. "तुम्ही यात पडू नका."

"इथूनच घ्या," मी म्हणाले.

मामा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "वैजू, आज कसली शाळा गं? राख गरम आहे अजून."

"आज वीस नाही दिसली तर शाळा बंद होईल, मामा."

"होऊ दे एक दिवस उशीर. एकोणीस काय अन् वीस काय."

"असं तुम्ही म्हणता?" माझा आवाज चढला. "एकोणीस आणि वीस यात काय फरक असतो ते तुम्हाला बाईंनी सांगितलं होतं. याच घरात. मी गेले असते तर एकोणीस राहिली असती. मी ऐकलंय."

मामांनी मान वर केली. मग म्हणाले, "तू मनात धरून बसलीस ते?"

"मग काय करायचं होतं?"

"अगं, बत्तीस पोरं होती त्या वर्षी."

मी त्यांच्यासमोर खाली बसले.

"पंधरा ऑगस्टला बुंदीचे लाडू मीच आणले होते सांगलीहून. पोरं बत्तीस, तुझी आई तेहतिसावी. माझा मीच मोजला नव्हता, म्हणून मला मिळाला नाही. अजून हसायची त्यावरून. त्याच दिवशी दुपारी बोलणं झालं आमचं. बत्तीस पोरांना लाडू वाटून हात धुऊन मी बसलो, आणि ही मला सांगते एकोणीस राहतील."

"मग तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"काय म्हणणार? तुला सोडवत नव्हतं तिला. तसं म्हणाली असती तर मी दहा कारणं सांगून तुला घेऊन गेलो असतो. पोरीचं भलं, चांगली शाळा, तू एकटी बाईमाणूस. आकडा पुढं केला की माणूस गप्प बसतो." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मलाही कळलं होतं. गप्प बसलो."

शाळेचे जुने पट अजूनही शाळेच्या कपाटात आहेत. घरापासून तीन मिनिटांवर. आकडेवारीचं काम करणाऱ्या मला तेवढा एक आकडा तपासून बघावा असं तीस वर्षांत वाटलं नव्हतं.

अकराला पाच मिनिटं असताना मी लॅपटॉप पिठाच्या डब्यासमोर ठेवला. सरांनी वही उघडली, बाणाईचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि वही माझ्याकडे सरकवली. "मला नाही जमणार, ताई."

चौकोन एकेक करून उजळत होते. पिंगळे मॅडम आल्या, माझ्याकडे पाहून त्यांनी मान खाली घातली. मी माझा कॅमेरा बंद केला. मुलांना अजून काही माहीत नव्हतं. सर त्यांना उद्या सांगणार होते.

"बाणाई धुळा मासाळ."

"हजर, बाई."

"कुठून?"

"कालच्याच फडाजवळनं." मग थोडं थांबून, "बाई, आवाज बसलाय तुमचा."

"हो. काय दिसतंय?"

"कुत्रं. आज झोपलंय."

मी लिहिलं. नावामागून नाव घेत गेले. कालव्याचा पूल. वीटभट्टीच्या मागचं रान. समर्थ देवळाच्या पायरीवरून बोलत होता, त्याला पुजारी दिसत होता आणि पुजारी रागावला होता. पिंगळे मॅडम प्रत्येक नावाला पेन टेकवत होत्या. एकोणिसावं नाव झालं. अकरा वाजून बावीस मिनिटं.

"सखुबाई बिरू गडदे."

वाऱ्याचा आवाज.

"सखुबाई बिरू गडदे."

"मुलगी नाहीये का?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं. "पाच मिनिटं थांबते मी. हवं तर दहा."

कोपऱ्यात एक नवा चौकोन उघडला. त्यात बाईंचा फोटो होता. निवडणुकीच्या कामाच्या ओळखपत्रासाठी काढलेला, घट्ट मिटल्या ओठांचा, मीच त्यांच्या फोनमध्ये लावून दिलेला. खाली त्यांचं नाव होतं, शशिकला नलावडे.

कुंभार सर उभे राहिले. मामा भिंतीपासून सरकून पुढे आले. मला त्या क्षणी एवढंच वाटलं की हे असंच राहू दे, आतून कुणी बोलू नये.

"बाई?" एक बारीक आवाज आला. "मी सकू. सकू बिरू गडदे. हजर."

मी पडद्याकडे वाकले.

"उशीर झाला, बाई. तुम्ही म्हणला व्हता अकरालाच चालू कर, न्हायतर चार्जिंग जातंय. पन आमच्याकडं घड्याळ न्हाय. मग त्या केळीवाल्याला इचारलं."

"फोन बाईंनी दिला तुला?" मी विचारलं.

"तुम्हीच की काल," सकू म्हणाली. "म्हणला, ह्यो घे. माझी लेक घरी आली हाय, तिच्याकडं दुसरा हाय."

पिंगळे मॅडमनी चष्मा काढला आणि परत घातला.

"कुठून, सकू?" मी विचारलं.

"नदीच्या वरच्या अंगाला. बाभळीखालनं."

"काय दिसतंय?"

"मेंढरं. लई हायत. मोजू का?"

"नको."

"वीस," पिंगळे मॅडम म्हणाल्या. "नलावडे बाईंचा पट पूर्ण आहे. मी लिहिते तसं." आणि त्या पडद्यावरून गेल्या.

"बाई, तुम्ही कुठून?" सगळी ओरडली.

"घरातून. पिठाच्या डब्यासमोरून."

"काय दिसतंय?"

मी बघितलं ते सांगितलं. "दिवा."

दिवसा दिवा कशाला, असं समर्थनं विचारलं. सरांनी पुढे होऊन आजच्यापुरती सुट्टी दिली. चौकोन एकेक करून विझत गेले. शेवटी एकच राहिला.

"बाई, ह्ये बंद कसं करायचं?" सकूनं विचारलं.

"खाली लाल खूण आहे बघ. ती दाब."

"कुटं? ... आगं आयो, मेंढरं केळीत शिरली. थांबा, बाई, आले."

धावत्या पावलांचा आवाज आला, लांब लांब गेला. फोन जमिनीवर कुठंतरी पडून राहिला असावा. घंटा वाजत होत्या, माणसं ओरडत होती, मग तेही दूर गेलं. पडद्यावर फक्त बाईंचा चेहरा होता. कुंभार सर मामांना हाताला धरून ओसरीवर घेऊन गेले.

मी चपला पुढे ओढल्या. पाय घातले नाहीत, नुसत्या जवळ ठेवल्या. वही पुढ्यात होती. सकूच्या रकान्यात बाभळ लिहायची राहिली होती, ती लिहिली. मग त्या चौकोनाकडे बघून मी बोलले. आवाज मोठाच निघाला, ओसरीवर गेला असणार.

"आई, मला मामाकडं जायचंच नव्हतं. मी खिडकीशी त्यासाठीच उभी होते. तू नाही म्हणावंस म्हणून."